वरचं बटण

तिआनजिनमध्ये पहाटे साडेपाचला
नदीवरून जो वारा येतो, त्याला हाडं मोजायची सवय आहे.
युएचन पलंगाच्या काठावर बसते,
दोन्ही मुठी गरम पाण्याच्या बाटलीवर.
मुठी म्हणायच्या म्हणून. त्या मिटत नाहीत.

घड्याळांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
हिनं तिळाएवढे स्क्रू पिळले.
अख्ख्या शहराची वेळ हिच्या चिमटीतून गेली
आणि आता त्याच चिमटीत
कोटाचं एक बटण धरवत नाही.

म्हणून बटणं मी लावतो. खालून वर, पाच.
न्हाव्यापुढे बसवलेलं पोर बघतं
तशी ती छताकडे बघत राहते.
पाचवं लावताना माझी बोटं तिच्या हनुवटीला लागतात.
त्यावर दोघंही काही बोलत नाही.

"डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना," मी म्हणालो होतो,
"मग थंडीत जाऊन हवा कशाला ढकलायची?"
ती गेली.
मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून,
हातात चहा, शेळ्या हाकत राहिलो.

खाली बंद पडलेल्या कारंज्याभोवती बावीस जणं.
पुढे तुंग मास्तर. जन्मभर बस चालवली,
अजूनही वळताना आधी खांद्यावरून मागे बघतात.
त्यांची शिकवण एवढीच:
एक पाय भरायचा, एक रिकामा करायचा,
एका घागरीतलं पाणी दुसरीत ओतावं तसं, न सांडता.
ओतून झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.
गुडघा ओरडला तर त्याचं ऐकायचं,
थोडं उंच उभं राहायचं. त्यात कमीपणा नाही.

युएचन शेवटच्या रांगेत.
हातांनी ढग सारायचे, तर हिचे ढग खांद्याशीच अडायचे.
कोंबड्यानं एका पायावर उभं राहायचं,
तर हिचा कोंबडा कारंज्याचा कठडा धरून.
मी वर हसलो. काचेवर वाफ धरली.
पुसली, तोवर ती पुन्हा उभी.

मग नव्या वर्षाच्या चार दिवस आधी
बाजारातून येताना, माझ्या हातात तीस अंडी,
तिच्या कोपरात कांद्याच्या पातीची जुडी,
मासेवाल्यानं ओतलेलं पाणी रात्रीतून काच झालेलं.
पाय माझा गेला. माझा, जो हसला होता.
अंड्यांसकट अठ्ठ्याहत्तर किलो
सरळ तिच्या अंगावर.

ती पडली नाही.
कसं, ते मला अजून धड सांगता येत नाही.
तिचा डावा पाय भरला.
मी पाहिलं, भरताना पाहिलं.
उजवा रिकामा होऊन मागे सरकला
आणि माझं सगळं वजन
पन्हळीतून पाणी जावं तसं
तिच्यातून खाली जमिनीत उतरून गेलं.
"वा, आजी!" मासेवाला म्हणाला.
अकरा अंडी फुटली. मोजली मीच.

दुसऱ्या दिवशी मीही खाली गेलो.
तुंग मास्तर म्हणाले, घोड्याची आयाळ विंचरा.
माझा घोडा उधळलेला,
आणि मांड्या अशा थरथरल्या की
शेजारच्या बाईनं विचारलं, भूकंप आहे का?
युएचन मागे वळून बघत नव्हती.
तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय.

बोटं तशीच आहेत. गाठी आहेत, थंडीत जांभळ्या पडतात.
कुणी विचारलं तर म्हणते,
"दुखतं. पण आता दुखणं एका जागी बसतं,
घरभर फिरत नाही."

परवा तिनं चार बटणं स्वतः लावली.
वेळ लागला. माझा चहा गार झाला, होऊ दिला.
मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली,
हनुवटी वर करून.
पाचवं तिला येत नाही,
की येत असून ठेवलंय,
मी विचारलं नाही.
खाली लोक जमायला लागले होते.